जे औषध फेल गेलं तेच नव्या गोळीत कसं, आणि 'कमजोर' व्हायरसचं काय?

पत्र (थोडं कापून):

"ताई नमस्कार. सहा वर्षांपासून एचआयव्हीची गोळी चालू आहे, टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि एफाविरेन्झ एकत्र असलेली. पहिली काही वर्षं लोड (रक्तातल्या व्हायरसचा आकडा) एकदम दबलेला होता. मग रात्री चक्कर, भलतीसलती स्वप्नं, सकाळी डोकं जड, म्हणून मी मधेमधे गोळी टाळायला लागले, कधी दोन दिवस, कधी आठवडाभर. आता लोड १८,४०० आलाय. रेझिस्टन्स टेस्ट (व्हायरस कुठल्या औषधाला जुमानत नाही ते बघणारी) केली तर एम१८४व्ही आणि के१०३एन अशी दोन म्युटेशन्स, म्हणजे व्हायरसमधले बदल, आली आणि लॅमिव्हुडिनच्या पुढे लाल अक्षरात 'हाय लेव्हल रेझिस्टन्स'. डॉक्टरांनी नवीन गोळी दिली, त्यात टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्यूटेग्राविर. म्हणजे जे फेल गेलं तेच परत! विचारलं तर म्हणाले 'मुद्दाम ठेवलंय', तेवढ्यात पुढचा पेशंट आत आला. नेटवर वाचलं की एम१८४व्हीवाला व्हायरस कमजोर असतो. मग हे चांगलंच नाही का, एखादा डोस इकडेतिकडे झाला तर चालेल? हे म्युटेशन कधी जातं का? नवरा निगेटिव्ह आहे, त्याला हा रेझिस्टन्सवाला व्हायरस लागेल का? गोळी अजून सुरू केली नाही, तुमचं उत्तर आलं की करेन."

आधी गोळी सुरू करा. हे वाक्य वाचून झालं की घ्या, बाकीचं नंतर वाचा. जुनी बंद आणि नवी सुरू नाही म्हणजे सध्या व्हायरसला मोकळं रानच मिळालंय, आणि ते एका सदरातल्या उत्तरासाठी द्यायचं काही कारण नाही.

आता तुमचे डॉक्टर. ते बरोबर आहेत, फक्त त्यांनी अजून दोन मिनिटं द्यायला हवी होती. मी स्वतः डॉक्टर नाही, लॅबमध्ये असले रिपोर्ट वाचायचं काम केलंय, आणि मला त्या लाल अक्षरांचा मनापासून राग आहे, कारण ती खरी असली तरी अर्धीच गोष्ट सांगतात. औषधाविरुद्ध व्हायरसने काय कमावलं ते छापून येतं, त्यासाठी काय गमावलं ते कुठेच छापलेलं नसतं. तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्या न छापलेल्या अर्ध्यात आहेत.

एचआयव्हीची स्वतःची तीन एन्झाइम्स असतात, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज, इंटिग्रेज आणि प्रोटिएज. तुमची दोन्ही म्युटेशन्स पहिल्या एन्झाइमवर आहेत. त्याचं काम म्हणजे व्हायरसच्या आरएनएवरून डीएनए बनवायचा, मग इंटिग्रेज तो डीएनए आपल्या पेशीच्या डीएनएत घुसवतं. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज कॉपी करताना चुका करतं आणि केलेली चूक तपासून दुरुस्त करायची सोयच त्याच्याकडे नाही. व्हायरसचा जीनोम साधारण ९,७०० अक्षरांचा, दर काही कॉप्यांमागे एखादं अक्षर चुकतं. ऐकायला हे फार वाटत नाही, पण औषध न घेणाऱ्या माणसाच्या अंगात दिवसाला साधारण १,००० कोटी नवे व्हायरस तयार होतात, तेव्हा एका अक्षराचा कुठलाही बदल घ्या, तो रोज कुठे ना कुठे होऊन जातो. औषधाने म्युटेशन 'तयार' होत नाही हो, ते आधीच गर्दीत कुठेतरी असतं, औषध फक्त बाकीच्यांना मारून त्याला जागा करून देतं. म्हणूनच १९८७ मध्ये एझेडटी हे पहिलं औषध आलं आणि १९८९ पर्यंत पेशंटमधल्या व्हायरसमध्ये त्याला रेझिस्टन्स सापडलासुद्धा, एकटं औषध टिकलं नाही. १९९६ च्या सुमारास तीन औषधं एकदम द्यायला लागले तेव्हा कुठे गाडी रुळावर आली, कारण तिन्हींना पुरून उरणारे बदल एकाच व्हायरसमध्ये एकदम जुळून येणं फार अवघड असतं.

मग तुमच्या एम१८४व्हीचं, म्हणजे एन्झाइमच्या १८४ व्या जागेवरच्या बदलाचं, काय झालं बघा. एन्झाइमच्या अगदी कामाच्या जागी चार अमायनो आम्लं ओळीने बसलेली असतात, १८३ ते १८६, टायरोसिन, मेथिओनाइन आणि दोन अ‍ॅस्पार्टेट. डीएनएच्या साखळीला नवा तुकडा जोडला जातो तो इथेच. लॅमिव्हुडिन म्हणजे नकली तुकडा, एन्झाइम फसून तो जोडतं आणि मग साखळी पुढे वाढूच शकत नाही. हा नकली तुकडा खऱ्या तुकड्याच्या मानाने आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा आहे, त्यामुळे तो बसतो पण जरा वेगळ्या अंगाने बसतो. आता १८४ वरचं मेथिओनाइन सरळ, लवचिक असतं, त्याच्या जागी व्हॅलिन आलं की त्याचा फाटा बाजूला येतो आणि नेमका लॅमिव्हुडिनच्या कड्याला अडतो. झालं, नकली तुकडा आत येईना. लॅबमध्ये अशा व्हायरसला रोखायला शंभरपटीहून जास्त लॅमिव्हुडिन लागतं, लाल अक्षरं ती याचीच.

पण ज्या जागी फाटा आला ती जागा काय औषधाची नव्हे, एन्झाइमच्या रोजच्या कामाची आहे. खरा तुकडा आत येतो, तरी कॉपी करण्याचा दम कमी होतो, एन्झाइम मधेच साखळी सोडून देतं, आणि ज्या पेशी शांत पडून असतात, म्हणजे जिथे कच्चा मालच कमी असतो, तिथे तर हे फारच जाणवतं. पुरावा खुद्द पेशंटमध्येच दिसतो. लॅमिव्हुडिन एकटं दिलं तर काही आठवड्यांत आधी व्हॅलिनऐवजी आयसोल्यूसिनवाला बदल दिसायला लागतो, कारण त्यासाठी लागणारी अक्षराची चूक एन्झाइमकडून जास्त वेळा होते, पण थोड्याच दिवसांत व्हॅलिनवाला त्याला मागे टाकतो, कारण आयसोल्यूसिनचं एन्झाइम आणखीनच मंद चालतं. औषधाला दाद न देण्यात दोघे सारखेच, तरी जिंकतो तो जरा बरं पळणारा. (गंमत म्हणजे हेपॅटायटिस बीच्या व्हायरसच्या एन्झाइममध्येही हीच चार आम्लं ह्याच क्रमाने आहेत आणि लॅमिव्हुडिन दिलं की तिथेही मेथिओनाइनच बदलतं. दोन वेगळे व्हायरस आणि पळवाट एकच.)

समजा सगळे पावसात पळतायत आणि एकानेच छत्री उघडलीय. जोरात पाऊस असेल तर बाकीचे गारठून बसतात आणि छत्रीवाला सावकाश का होईना पुढे जातो. पाऊस थांबला की तीच छत्री त्याला ओढ लावते आणि बाकीचे त्याला मागे टाकून निघून जातात. लॅमिव्हुडिन हा पाऊस आणि एम१८४व्ही ही छत्री. डॉक्टरांनी पाऊस चालू ठेवलाय तो छत्रीवाला भिजावा म्हणून नाहीच, त्याने छत्री मिटून मोकळं पळू नये म्हणून.

हे नुसतं तर्काचं नाही. इटलीत एक छोटा अभ्यास झाला, २००६ मध्ये छापून आला, त्यात ज्यांचा उपचार फेल गेला होता आणि एम१८४व्ही होतं अशा काही जणांची सगळी औषधं थांबवली आणि काहींना फक्त लॅमिव्हुडिन चालू ठेवलं, म्हणजे तेच 'फेल गेलेलं' औषध. ज्यांचं चालू ठेवलं त्यांचा लोड कमी वाढला आणि सीडी४, म्हणजे व्हायरस ज्या रोगप्रतिकारक पेशी मारतो त्या, कमी घसरले. दुसरा फायदा असा की नकली तुकडा जोडला गेल्यावरही काही म्युटेशन्सवाले व्हायरस तो कापून काढतात आणि पुढे चालू पडतात, एझेडटीच्या रेझिस्टन्सचा मोठा भाग हाच आहे, आणि एम१८४व्ही असलेल्या एन्झाइमला हे कापून काढणं नीट जमत नाही. म्हणून अशा व्हायरसवर टेनोफोविर आणि एझेडटी उलट जास्त चांगलं लागू पडतं. तुमच्या रिपोर्टात टेनोफोविरच्या पुढे रेझिस्टन्स लिहिलेला नसणार, एकदा परत बघा.

आणि नेमकी तुमचीच परिस्थिती घेऊन केलेली मोठी ट्रायल म्हणजे नादिया, युगांडा, केनिया आणि झिम्बाब्वेमध्ये ४६४ जणांवर केलेली. सगळ्यांचा पहिला उपचार फेल, बहुतेकांना एम१८४व्ही, आणि जवळपास निम्म्यांना त्यावर के६५आर म्हणजे टेनोफोविरचाही रेझिस्टन्स. तरी डोल्यूटेग्राविरवाल्या गटात ४८ आठवड्यांनी साधारण ९० टक्के लोकांचा लोड दबलेला होता, आणि टेनोफोविर-लॅमिव्हुडिन तेच पुढे चालू ठेवलेल्यांचं ते बदलून दिलेल्यांपेक्षा कुठेही वाईट झालं नाही. कागदावर दोन औषधं 'गेलेली' आणि तरी त्यांची साथ उपयोगी पडली. तुमच्याकडे तर टेनोफोविर धड आहे.

आता के१०३एन, कारण हे त्याच एन्झाइमवर आहे आणि स्वभाव अगदी उलटा. एफाविरेन्झ कामाच्या जागी जात नाही, जरा बाजूला एक खाच उघडते तिच्यात जाऊन बसतं आणि एन्झाइमला आखडून टाकतं. १०३ वर लायसिनच्या जागी अ‍ॅस्पॅराजिन आलं की ती खाच बंदच राहायला बघते, औषधाला आत शिरायलाच जमत नाही. पण खाच कामाच्या जागेपासून लांब असल्यामुळे एन्झाइमच्या वेगाला फारसा धक्का लागत नाही. म्हणजे छत्री आहे पण तिचं वजनच नाही. म्हणून हे म्युटेशन औषध बंद केल्यावरही वर्षानुवर्षं रेंगाळतं, एकाकडून दुसऱ्याकडेही जातं, आणि म्हणूनच एफाविरेन्झ पुढे चालू ठेवण्यात काही फायदा नाही, ते तुमच्या डॉक्टरांनी काढून टाकलं. एकाच रिपोर्टातली दोन म्युटेशन्स, एक औषध ठेवलं, एक काढलं, ते उगीच नाही.

हे म्युटेशन तुम्हालाच का आलं याचं उत्तरही तिथेच आहे. एफाविरेन्झ शरीरातून फार हळू जातं, गोळी थांबवल्यावर आठवडा-दोन आठवडे सहज मागे राहतं, लॅमिव्हुडिन मात्र त्याच्या कितीतरी आधी संपतं. म्हणजे तुम्ही तीन औषधं एकदम थांबवली असं तुम्हाला वाटलं पण व्हायरसला मधले कितीतरी दिवस जवळजवळ एकटं एफाविरेन्झच भेटलं, आणि एकट्या औषधाचं काय होतं ते वर आलंच. परत सुरू केलं, परत थांबवलं, की हाच प्रकार पुन्हा. यात स्वतःला दोष देत बसू नका, ती स्वप्नं आणि चक्कर हा त्या औषधाचा माहितीतला त्रास आहे, त्याबद्दल कोणीतरी वेळेवर विचारायला हवं होतं. नव्या गोळीत ते नाही. डोल्यूटेग्राविरने काहींची झोप उडते, तसं झालं तर गोळी सकाळी घ्या, पण टाळू नका, सांगा.

'कमजोर आहे तर चालेल का' ह्याला सरळ उत्तर, नाही. आणि का नाही ते नीट समजून घ्या कारण ही गैरसमजूत मला बऱ्याचदा भेटते. एक तर कमजोर म्हणजे किती, तर फक्त लॅमिव्हुडिनवर असलेल्या माणसांमध्ये एम१८४व्ही आल्यावर लोड मूळच्या साधारण एक तृतीयांशावर राहायचा. एक लाख असेल तर तीसेक हजार. सीडी४ पोखरायला तीस हजार पुष्कळ झाले. दुसरं, तुमचे १८,४०० आले ते ह्याच कमजोर व्हायरसचे आहेत, तो काय करू शकतो हे तुमच्यासमोरच आहे.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. व्हायरस कमजोरीवर थांबत नाही. थोडं औषध, थोडा लोड अशी परिस्थिती महिनोन्‌महिने चालली की आणखी चुका जमत जातात आणि त्यातल्या काही नेमक्या गमावलेला वेग परत आणतात. प्रोटिएजमध्ये हे इतकं स्पष्ट दिसतं की पुस्तकात द्यावं. हे एन्झाइम व्हायरसची लांब प्रोटीन्स ठरलेल्या जागी कापतं, औषधाला चुकवायला त्याचा आकार बदलला की कापणं बिघडतं, मग लांबच्या जागी दुसरे बदल येतात जे स्वतः औषधाला रोखत नाहीत, फक्त एन्झाइमचा तोल सावरतात, आणि एवढ्यावर भागलं नाही तर ज्या जागी कापायचं त्या प्रोटीनच्या जागाच बदलतात. म्हणजे कापणारं वाकडं झालं तर कापलं जाणारंही त्याला जुळेल असं वाकडं होतं! इंटिग्रेजमध्ये तसंच, १४८ वर आलेला बदल औषध अडवतो पण एन्झाइम लुळं करतो, मग १४० वर दुसरा येऊन ते परत उभं करतो. आणि इंटिग्रेज म्हणजे तुमच्या डोल्यूटेग्राविरचंच लक्ष्य.

डोल्यूटेग्राविरबद्दल मात्र एक चांगली गोष्ट आहे. ते इंटिग्रेजला धरलं की लवकर सोडत नाही, आणि त्याला चुकवताना व्हायरसला बहुतेक वेळा जबर किंमत मोजावी लागते. आर२६३के नावाचं म्युटेशन आहे, त्याने रेझिस्टन्स मिळतो जेमतेम आणि व्हायरसचं इंटिग्रेशन आणि वाढ दोन्ही मंदावतात. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल युनिव्हर्सिटीतल्या मार्क वेनबर्ग यांच्या गटाने ह्यावर बरंच काम केलं, बदल आल्यावर व्हायरस अडकूनच पडतो की काय अशी आशा त्यांना होती. पण सगळेच व्हायरस त्या वाटेने जात नाहीत, जी११८आरसारखे बदल जास्त त्रासदायक निघाले, आणि नादियामध्येसुद्धा मोजक्या लोकांना डोल्यूटेग्राविरचा रेझिस्टन्स आलाच. तेव्हा हे औषध दणकट आहे, अभेद्य नाही. एखादा डोस चुकला तर आठवल्याबरोबर घ्या आणि पुढे चला, घाबरण्यासारखं काही नाही, पण 'चालतंय' म्हणून आठवडाभर सुट्टी नको.

अजून एक व्यवहाराची गोष्ट जी रिपोर्टात नसते. अ‍ॅसिडिटीच्या मॅग्नेशियम-अ‍ॅल्युमिनियमवाल्या गोळ्या, लोह, कॅल्शियम ही डोल्यूटेग्राविरला पोटातच बांधून टाकतात, रक्तात औषध कमी जातं, आणि अपुरं औषध म्हणजे व्हायरसला शिकवणी. त्या घ्यायच्याच असतील तर डोल्यूटेग्राविर त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर. टीबीचं रिफाम्पिसिन सुरू करायची वेळ आली तर डोल्यूटेग्राविर दिवसातून दोनदा लागतं, तेव्हा सांगितल्याशिवाय राहू नका.

म्युटेशन जातं का? रिपोर्टातून जातं, अंगातून नाही. लॅमिव्हुडिन थांबवलं की काही आठवड्या-महिन्यांत मूळचा वेगवान व्हायरस वर येतो आणि एम१८४व्ही दिसेनासं होतं, कारण नेहमीची टेस्ट गर्दीतला साधारण पाचवा हिस्सा तरी असेल तेच दाखवते. म्हणूनच ही टेस्ट औषध चालू असताना किंवा फार तर थांबवल्यापासून चार आठवड्यांच्या आत करतात. पण तोपर्यंत म्युटेशनवाल्या व्हायरसची डीएनए कॉपी काही सीडी४ पेशींमध्ये गुपचूप बसलेली असते आणि त्या पेशी वर्षानुवर्षं जगतात. औषध परत आलं की ती परत वर. तेव्हा हा कागद जपून ठेवा, फोटो काढून ठेवा, दहा वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात आणि नवी टेस्ट स्वच्छ आली तरी हा जुना दाखवा, खास करून कोणी 'आता दोनच औषधांवर आणू' म्हणालं तर, कारण त्या जोडीत लॅमिव्हुडिन असेल तर हा कागद निर्णय बदलू शकतो. आणि औषधं मनाने बंद करून व्हायरसला 'मूळपदावर' आणायच्या नादाला अजिबात लागू नका, मूळचा म्हणजे जास्त पळणारा. तुम्हाला हेपॅटायटिस बी असेल तर आणखीनच नको, टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन ही दोन्ही औषधं त्यालाही दाबून धरतात, अचानक थांबवली तर लिव्हर भडकू शकतं. तपासलं नसेल तर तपासून घ्या.

राहिला नवरा. लोड २०० च्या खाली येऊन टिकला की शारीरिक संबंधातून त्यांना लागण होत नाही, व्हायरस म्युटेशनवाला असो की बिनम्युटेशनचा, ह्यात काही फरक नाही, जे अंगाबाहेर पडतच नाही त्याचा रेझिस्टन्स काय करणार. पण आजचा आकडा १८,४०० आहे आणि तो २०० च्या खाली आलेला रिपोर्टात दिसेपर्यंत, आणि तिथे टिकेपर्यंत, कंडोम हवाच. ह्या काळात लागण झाली तर त्यांच्याकडे हाच व्हायरस जाईल. एम१८४व्ही नव्या लागणीत कमी दिसतं, के१०३एन जास्त, त्याचं कारण तुम्हाला आता माहिती आहे. लागणीआधी घ्यायच्या प्रतिबंधक गोळीचं, म्हणजे प्रेपचं, डॉक्टरांशी बोला, त्यातलं टेनोफोविर तुमच्या व्हायरसवर चालायला हवं, जोडीचं औषध लॅमिव्हुडिनच्याच जातीचं असल्याने लंगडं पडेल, म्हणून बोलताना तुमचा रिपोर्ट सोबत ठेवा. नवऱ्याची टेस्ट ह्याच आठवड्यात करा आणि ती निगेटिव्ह आली तरी तीन महिन्यांनी परत, कारण मागच्या काही महिन्यांत लोड कधीपासून वर होता हे कुणालाच सांगता येणार नाही. तुमचा स्वतःचा लोडही तोवर एकदा मोजून होईल, दोघांची तारीख एकच घेतली तर एका फेरीत काम होतं.